डॉल्फिनच्या अंगणात

पेढी नदीकाठच्या वलगावातून सुट्टीत कोकणात गेलेली मुलं दापोलीजवळच्या मुरुडला किंवा मालवणला होडीतून डॉल्फिन पाहतात, तेव्हा त्यांना वाटतं, उडी मारावी, याच्यासोबत पोहावं. ही ओढ निर्मळच आहे. पण हा मासा नव्हे. तो आपल्यासारखा फुफ्फुसांनी श्वास घेतो. त्यासाठी त्याला वर यावंच लागतं, आणि नेमक्या त्याच क्षणी होड्या त्याला घेरतात. सोबत पिल्लू असेल, तर त्या आईची काय घालमेल होत असेल! १९७२च्या वन्यजीव कायद्यानं डॉल्फिनला पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिलंय. २०१३मध्ये केंद्र सरकारनं डॉल्फिनच्या खेळांच्या केंद्रांना परवानगीही नाकारली, हे फार चांगलं झालं. समुद्रातही त्याला त्रास होऊ नये, म्हणून नावाड्याला आपणच सांगावं, ‘दादा, पाठलाग नको. इंजिन बंद करा, आपण इथूनच पाहू.’