थोडा वेळ, एकच जागा

पॅरिसला विमान बदलताना हाती आठ-दहा तास आले की एकटा प्रवासी यादी काढतो आणि धावत सुटतो. माझं म्हणणं असं की, एवढ्याशा वेळात एकच जागा निवडावी आणि तिथेच रेंगाळावं. पॅरिसच्या विजयकमानीभोवती बारा रस्ते एकत्र येतात. आपल्या लातूरच्या गंजगोलाईत सोळा! नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या गोलाला संथ फेरी मारली तर दागिने, चपला, मिरची, गूळ असे बाजार समोर येत जातात, मधोमध जगदंबेचं मंदिर. गाव कशावर जगतं, हे चालता चालता कळतं. सोबत कुणी असलं की निम्मं लक्ष तिकडे जातं; एकट्याला दुकानदाराशीच बोलावं लागतं.

काही तासांत शहर काय समजणार, असं कुणी म्हणेल. नाहीच समजणार. पण चार दिवस राहून नुसते फोटो काढणाऱ्यालाही ते समजत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: एकट्या बाईनं अनोळखी गावात थांबायचं कुठे? ही जबाबदारी गावाची. नांदेडचंच बघा. गुरू गोविंदसिंगजींचं नांदेडमधलं वास्तव्य १७०८ सालचं, तेही थोडक्या काळाचं. तिथे आज सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा आहे, यात्रेकरूंसाठी निवास आहेत, आणि लंगरच्या पंगतीत एकट्या आलेल्याला कुणी जात-धर्म विचारत नाही. रात्री उशिरा उतरणाऱ्या मुलीला असा आसरा मराठवाड्यातल्या प्रत्येक बसस्थानकाजवळ मिळायला हवा.