पिठाचा कोंबडा

आमचा नातू इथं भोपाळात फोमशीट कापून जेट विमानं बनवतो. तीन सेलची लिथियम बॅटरी, मागं पंखा, शेपटीला क्रेप कागदाची लांब फीत. उडता उडता दुसऱ्याची फीत आपल्या पंख्यानं कापायची, अशी लढाई. "आजी, यात कुठला जीव मरतो?"

आता काय सांगायचं? यशोधर राजाची कथा सांगितली. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' पुरं केलं, त्यातला हा राजा आपल्याच माळव्यातल्या उज्जयिनीचा. आईच्या हट्टापायी देवीपुढं कोंबडा कापला, तोही पिठाचा. तरी मायलेकांना पुढं मोराचे, कुत्र्याचे जन्म. कापताना मनात मारणंच होतं ना! लहानपणी मला ही शिक्षा फारच वाटायची.

नातू म्हणाला, "मी फीत कापतो, विमान पाडत नाही." पटलं. शिवाय इथं मांजा नाही. संक्रांतीला पतंगापायी पाखरांचे गळे कापले जातात, त्याबद्दल आपण कितीसं बोलतो?

रविवारी मैदानावर गेले. दोन विमानं आपटली, समोरच्या मुलाचं पार मोडलं. टाळी वाजवली ती मी. नातू ग्लूगन घेऊन त्या मुलाकडं धावला होता.