वादळ, उतारू आणि खलाशी

बीदर, भालकी आणि कलबुर्गी येथील आमच्या मंदिर-मंडळातील पंचवीस-तीस माणसे मुंबईहून लक्षद्वीपाकडे जाणाऱ्या एका प्रवासी बोटीने समुद्रसहलीस निघाली, तेव्हा आम्हीही त्यांत होतो. आमचा मुलूख जांभ्या दगडाचा आणि काळ्या मातीचा. मांजरा, कारंजा आणि भीमा यांपलीकडचे मोठे पाणी आम्हांपैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेले नाही. झरणी नृसिंहाच्या गुहेत छातीइतक्या पाण्यातून चालत जाऊन देवदर्शन घ्यावे, एवढाच काय तो आमचा जलप्रवास. या मासिकाच्या कोंकणी वाचकांस हे वाचून हसू येईल; त्यांच्या घरात समुद्र दारापुढच्या तुळशीवृंदावनाइतका परिचित असतो. असो.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले की अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले असून त्याचे वादळात रूपांतर होण्याचा संभव आहे; सबब लक्षद्वीपाचा बेत रद्द करण्यात येत असून बोट गोव्यास थांबून मुंबईस परतेल. त्या वेळी आकाश निरभ्र होते. पाणी आमच्या गावच्या तळ्याइतके शांत दिसत होते. मग मंडळी खवळली. सहा महिने आधी पैसे भरले होते, रजा घेतल्या होत्या, एका वृद्ध दांपत्याने तर सहस्रचंद्रदर्शनाचा आनंद म्हणून हा प्रवास योजिला होता. "आम्ही पूर्ण भाडे मोजले आहे, आम्हांस ठरल्या ठिकाणी नेलेच पाहिजे," असे आमच्यातील एका गृहस्थांनी बजावले, आणि खोटे कशाला बोला, आम्हीही मान डोलावली. खोल्या झाडणारा एक गोव्याकडील तरुण तेथेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "दर्याक तुमची तिकीट दिसना." आम्हांस ते उद्धट वाटले. आज तसे वाटत नाही.

अटलांटिकावर ज्यास हरिकेन म्हणतात, चीनच्या समुद्रात टायफून आणि आपल्याकडे चक्रीवादळ, ती वस्तू एकच. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी साधारण २६-२७ अंश सेल्सियसहून अधिक तापले, त्याची वाफ वर चढली, आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळे आत धावणाऱ्या वाऱ्यास पीळ बसला म्हणजे ते जन्मास येते. आपल्याकडे वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की त्यास चक्रीवादळ ही संज्ञा मिळते. अटलांटिकावर त्याचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. अरबी समुद्रात ते बहुधा मोसमी पावसाच्या आधी, वैशाख-ज्येष्ठात, आणि नंतर आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत उठते. वादळ स्वतः बहुधा ताशी पंधरा-पंचवीस किलोमीटरने सरकते. मोठी प्रवासी बोट ताशी पस्तीस किलोमीटर सहज कापते. म्हणजे कप्तानास ते वेळीच कळले तर बोट त्याच्या वाटेतून बाजूस होऊ शकते. म्हणूनच कॅरिबियन बेटांकडे जाणाऱ्या सहलीच्या बोटी अशा वेळी पूर्वेकडील बेटे सोडून पश्चिमेकडे वळतात, एखादे बंदर गाळतात, किंवा स्वतःचे बंदर बंद असल्यामुळे एक-दोन दिवस उशिराने परततात. मार्ग बदलण्याचा हा अधिकार कप्तानास आहे, असे तिकिटाच्या करारात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. उतारू तो करार वाचत नाहीत. आम्हीही वाचला नव्हता.

यात उतारूचे जे जाते ते फारसे नाही. परंतु त्या रात्री खोलीत पडल्या पडल्या आमच्या मनाने एक वेगळाच मार्ग धरला. आपल्यातील कोणी नवस फेडावयाचा विसरला असेल काय, असे एका बाईंनी जेवताना विचारले होते. आपण सर्वांनी लहानपणापासून सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका ऐकली आहे. संन्याशास खोटे वचन बोलला म्हणून तिच्यातील धन लतापत्रे झाले. कलावती प्रसाद न घेता पतीस भेटावयास धावली आणि नौका दिसेनाशी झाली. ही कथा वचनाविषयीची आहे, हवामानाविषयीची नव्हे, हे आम्ही विसरतो. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेस निघालेली मुले होती. त्या मुलांनी कोणता प्रसाद टाकला होता? जो वादळास शिक्षा म्हणतो, त्याने हे उत्तर त्या मुलांच्या आईबापांसमोर उभे राहून देण्याची तयारी ठेवावी. आमची नाही.

तथापि वादळ निर्दोष म्हणून माणसेही निर्दोष, असे मात्र होत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. समर्थांचे नाव बोटीस होते. त्या नावाचा भरवसाही पुष्कळांस वाटला असेल. दिवस आषाढ अमावास्येचा, सणासाठी घरी निघालेले चाकरमाने, घरोघरी वाट पाहणारी मुले. वार्ता मुंबईस पोचावयास कित्येक तास लागले. त्या दिवशी धक्क्यावर कोणी ‘आज नको’ म्हटले असते, तर त्यास किती शिव्या खाव्या लागल्या असत्या, याचा विचार आम्ही गोव्याच्या किनाऱ्याजवळ त्या शांत पाण्यावर प्रथमच केला. जी गर्दी आम्ही चारशे-पाचशे खोल्यांच्या बोटीवर केली, तीच गर्दी. फक्त आमच्या पुढे उपग्रहांची छायाचित्रे होती आणि त्यांच्या पुढे नव्हती.

आमच्याकडे हा न्याय नवा नाही. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर गाणगापुरास जाणारे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या नावाड्याच्या शब्दावर पार झाले आहेत. नदीस लोंढा आला की नावाडी मान हलवी, आणि मग उतारू जहागीरदार असो की भिक्षेकरी, तो काठावर बसे. पालखी अडली म्हणून कोणी नावाड्यास नास्तिक म्हटल्याचे ऐकिवात नाही. बसवेश्वरांच्या काळी कल्याणच्या शरणांत अंबिगर चौडय्या हे नावाडी होते, आणि त्यांचा शब्द पंडितांच्या शब्दाइतकाच वजनदार मानला गेला, याचे आम्हांस अलीकडे फार अप्रूप वाटते. पैसे मोजून आपण नावेतली जागा विकत घेतो. नावाड्याचा ‘नाही’ विकत घेता येत नाही.

येथवर मन समाधान पावले असते. परंतु दुसऱ्या दिवशी बोट थोडी हलू लागली, आमच्यातील निम्मी माणसे अंथरुणास खिळली, आणि तोच गोव्याकडील तरुण बादली व फडके घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होता. आम्हांस तेव्हा ‘फँटोम’ची हकीकत आठवली. ऑक्टोबर १९९८ मध्ये मिच नावाच्या हरिकेनापुढे ही चार डोलकाठ्यांची सहलीची नौका बेलीझच्या बंदरात आली. उतारूंस सुखरूप उतरविण्यात आले, काही खलाशांसही. मग वादळास चुकविण्यासाठी नौका पुन्हा समुद्रात गेली. वादळाने अंदाजाबाहेर मार्ग बदलला. नौका गेली आणि तिच्यावरील एकतीस खलाशीही गेले. उतारूंपैकी एकासही इजा झाली नाही.

या हकीकतीत कोणास दोष द्यावा, हे ठरविण्याइतके ज्ञान आम्हांजवळ नाही, आणि घरी बसून कप्तानावर खटला चालविणे आम्हांस प्रशस्तही वाटत नाही. परंतु एक गोष्ट नजरेआड करवत नाही: वादळ आले की सहलीचा माणूस उतरतो आणि पगाराचा माणूस बोटीबरोबर राहतो. मुंबईच्या समुद्रातही हेच घडले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाची सूचना हवामान खात्याने दिवसांआधी दिली होती. तरी खनिज तेलाच्या विहिरींजवळ ‘पी-३०५’ हा कामगारांच्या निवासाचा तराफा २६१ माणसांसह उभा राहिला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदलाने १८६ जणांस वाचविले. हा तराफा आणि ‘वरप्रदा’ ही ओढनौका मिळून ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यांना भाडे परत मागावयाचे नव्हते. त्यांना फक्त ‘आम्ही किनाऱ्यास जातो’ असे म्हणता आले पाहिजे होते, आणि ते म्हणण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता. आम्ही लक्षद्वीप गेले म्हणून रडलो, तो अधिकार आमच्याजवळ असूनही!

आमच्या मंडळातील एक शास्त्रीबुवा यावर म्हणाले की समुद्रयात्रा बौधायनाने पतनास कारण म्हटलीच आहे. घरी राहिला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता. विनोदाने म्हणाले, पण त्यांस उत्तर देणे आम्हांस भाग आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये, अधिक आश्विन सरत आला असता आणि नवरात्र चार दिवसांवर असता, बंगालच्या उपसागरातील एक वादळी क्षेत्र काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणावरून आमच्याच डोक्यावर आले. हैदराबादेत हाहाकार झाला. उजनीतून पाणी सुटले. भीमेला असा पूर आला की अफजलपूर आणि जेवरगी तालुक्यांतील गावेच्या गावे हलवावी लागली. आमच्यापैकी कोणीही तेव्हा समुद्रावर नव्हते. तूर उभी होती, ती गेली. त्या वेळी पुराच्या पाण्यात होडी घालून माणसे बाहेर काढणारेही पगाराचेच होते, आणि त्यांची नावे आम्ही कोठे लिहून ठेवलेली नाहीत.

मुंबईस उतरल्यावर काही आठवड्यांनी भाड्याचा काही भाग परत आला. तो ज्याचा त्यास वाटावा, असे बहुमत. दोघा-तिघांनी सुचविले की बोटीवरील कामकऱ्यांसाठी ही रक्कम पाठवावी. पण पाठवावयाची कोणास? त्या तरुणाचे नाव विचारावयाचे आमच्यापैकी एकासही सुचले नव्हते. तो काणकोणचा की पेडण्याचा यावरच एक तास वाद झाला. रक्कम अद्याप मंदिराच्या खात्यात आहे, आणि येत्या एकादशीच्या बैठकीत हा विषय पुन्हा निघावयाचा आहे.