बाकीची फुलं कुठे गेली?

बाब अल बहरीनच्या कमानीतून आत शिरून दोन-तीन गल्ल्या ओलांडल्या की चहाचं एक लहानसं दुकान लागतं. इथल्या चहाला ‘करक’ म्हणतात. आपल्या ‘कडक’चाच भाऊ. कागदी पेला, वेलदोडा, भरपूर साखर. शेजारचा हमाल दोन मिनिटांत पेला रिकामा करून हातगाडीकडे वळतो. मी मात्र पेला दोन्ही हातांत धरते, किंचित फिरवते आणि मग स्वतःलाच हसते.

ही सवय क्योटोची. पीएचडीच्या काळात दर शनिवारी मी चहाविधी आणि पुष्परचना शिकायला जायची. पहिले कित्येक महिने नुसतं रुमालाची घडी घालणं, दार सरकवणं, वाडगा पुसणं. चहाच्या खोलीतली फुलंही अगदी मोजकी, बहुतेकदा एखादंच. रानात उमललं असेल तसं दिसणारं, उग्र वास नसलेलं. चार ओळींचा श्लोक घोकावा तसं आम्ही एक फूल ठेवायला शिकत होतो.

तिथेच सेन्सेईंनी रिक्यूची गोष्ट सांगितली. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) म्हणजे चहाविधीचा मोठा आचार्य. गोष्ट परंपरेने चालत आलेली आहे. त्याच्या बागेत आपल्या गारवेलीसारखी फुलं बहरली आहेत, असं सत्ताधीश हिदेयोशीच्या कानावर गेलं आणि तो सकाळीच चहाला आला. पाहतो तर बागेत एकही फूल नाही! रागावून खोलीत शिरला, तर समोर एकच फूल. बाकीची सगळी रिक्यूने तोडून टाकली होती.

वर्ग भारावून गप्प झाला. मी विचारलं, “बाकीची फुलं कुठे गेली?” सेन्सेई थोडं थांबून म्हणाल्या, “ते गोष्टीत येत नाही.”

रिक्यूची बाजू मला कळते. हिदेयोशीने सोन्याने मढवलेली चहाची खोली करवून घेतली होती. अशा माणसाने बाग पाहिली नसती, नुसती मोजली असती. एका फुलापुढे त्याला थांबावंच लागलं. शिवाय ती फुलं दुपारपर्यंत मिटणारच होती. पण तुम्हीच सांगा, जे दुपारी मिटणार ते सकाळी तोडायला हरकत नाही, हा न्याय आपण कुठे कुठे लावणार?

बहरीनला पोस्टडॉकसाठी आले आणि हा प्रश्न पुन्हा पुढे उभा राहिला. मुहर्रकमध्ये मोत्यांच्या व्यापाराशी जोडलेली जुनी घरं आहेत. २०१२ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. इथले मोती मुंबईच्या बाजारात जात. एक चांगला मोती मिळायला शिंपल्यांचे ढीग फोडावे लागत, आणि ते वर आणणारे पाणबुडे बहुतेक कर्जात बुडालेले. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर. गळ्यातल्या सरात यातलं काही दिसत नाही.

पुढे हा धंदा कोसळायला मोठा हातभार लागला तो जपानचाच. मिकिमोतोला १८९३ मध्ये संवर्धित मोत्याचं पहिलं यश मिळालं. १९२०-३० च्या दशकांत तसले मोती बाजारात आले आणि त्यात जागतिक मंदीची भर पडली. पाणबुडे सुटले म्हणावं, तर हातचं कामही गेलं. १९३२ मध्ये इथे तेल सापडलं म्हणून निभावलं.

साताऱ्याच्या आमच्या घरी आजीचा नियम वेगळा होता. कळी तोडायची नाही, तिन्हीसांजेला झाडाला हात लावायचा नाही. प्राजक्त तर तोडायचाच नाही, सडा वेचायचा. जमिनीवर पडलेला असला तरी तो देवाला चालतो. परडीत एकाऐवजी ओंजळभर फुलं असत, आणि झाडाला मात्र ओरखडाही नसे. क्योटोत मला आजीची परडी गबाळी वाटू लागली होती, हे कबूल करते.

आजी गेली तेव्हा मी क्योटोतच होते. प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते. मी गेले नाही. लोक माझ्या पदवीचं कौतुक करतात तेव्हा त्यांना ते एकच फूल दिसतं. आपण परदेशी राहणारी माणसं अशीच एकेक फूल ठेवून बसलेली असतो, नाही का? ते ठेवण्यासाठी काय काय तोडलं, ते पाहुण्यांना सांगायचा रिवाज नाही.

तोडणं चूकच होतं असं मी म्हणत नाही. निवड करायची तर काहीतरी तुटणारच. पण तोडलेलं आधीच झाडून टाकायचं आणि उरलेल्याला साधेपणा म्हणायचं, हे मला आता जमत नाही.

श्रीनाथजींच्या मंदिराजवळच्या गल्लीतून मी अजून फुलं आणते. एक निवडून खिडकीत ठेवते. उरलेली टाकत नाही. स्टीलच्या वाटीत पाणी घालून त्याच खिडकीत, त्या एकाच्या शेजारी ठेवते. सेन्सेईंना ही रचना बिघडलेली वाटेल. आजी म्हणाली असती, वाटी जरा मोठी घ्यायची होतीस.