कारणाची ओळ

गंगाखेड तालुक्यात एक म्हातारा होता. बाप निजामाच्या राजवटीतच वारला, तेव्हा हा पाळण्यात. गंगाकाठची आठ एकर काळी तशीच त्याच्या नावावर आली. पुढं लोकांच्या विहिरी खोदल्या आणि त्या मजुरीतून आणखी चार एकर घेतले. दोन मुलं, एक मुलगी. मुलगी १९९० साली पाथरीकडं दिलेली. बायको केव्हाच गेली.

भावांनी बहिणीपुढं हक्कसोडीचा कागद धरला. आपल्याकडं बहिणी असल्या कागदावर सही करतात ती माहेर तुटू नये म्हणून. दोन एकर सोडायचे आणि दिवाळीला एक चोळी घ्यायची. इतकी महाग चोळी दुसरीकडं कुठं शिवत नसतील. हिनं सही केली नाही.

म्हातारा तडक गंगाखेडला वकिलाकडं गेला. "तिला एक गुंठाबी द्यायचा नाही. तसं मृत्युपत्र लिवा."

"आबा, चार एकर तुमच्या घामाचे. मुलाला द्या, नाही तर देवळाला द्या. आठ एकर वडिलोपार्जित. त्यात तुम्ही, दोन मुलं आणि मुलगी, असे चार वाटेकरी. तुम्हाला तुमच्या दोन एकरांपुरतं लिहिता येतं. तिचे दोन तिचेच."

"लगीन होऊन किती वर्सं झाली तिला!"

"आपल्या राज्याचा १९९४ चा कायदा आधी लग्न झालेल्या मुलींना धरत नव्हता. २००५ ला केंद्रानं ती अट काढली. २०२० ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा हक्क मुलीला जन्मानंच आहे."

म्हातारा बराच वेळ खिडकीतून बघत राहिला. बायका संत जनाबाईच्या मंदिराकडं चालल्या होत्या. याच गावची ही लेक लहानपणीच पंढरपूरला परक्याच्या घरी गेली, असं सांगतात. तिच्या बापाचं नाव विचारलं तर चार माणसं डोकं खाजवतील. गाव मात्र तिच्याच नावानं ओळखलं जातं.

"मग माझ्या सहा एकरातलं तरी तिला नको," म्हातारा म्हणाला.

"चालेल. कारण काय लिहू?"

"कारण कशाला लागतंय?"

"कायद्यानं लागत नाही. पण पोटचं लेकरू वगळलं, की म्हाताऱ्याकडून कुणी लिहून घेतलं का, ही शंका कोर्टात आधी येते. तुमच्या तोंडचं असलेलं बरं."

"लिवा, ती बापाला इचारीत नाही."

वकिलानं लिहिलं. मग पेन थांबलं. "डोळ्याचं आपरेशन झालं, तेव्हा घरी कोण होतं?"

"तीच होती की. महिनाभर."

वकिलानं ओळ खोडली.

"लग्नात लई खर्च झाला तिच्या."

"आणि पोरांच्या?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सही करंना, म्हणून."

"म्हणजे तिनं स्वतःचं सोडलं नाही, म्हणून तुम्ही तुमचं देत नाही. असंच लिहू? तुम्ही गेल्यावर ती हे वाचणार आहे, आबा. 'रागात बोललो गं' म्हणायला तुम्ही नसणार."

म्हाताऱ्यानं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"ऱ्हाऊ द्या ही जागा रिकामी. येतो पुढल्या बाजारी."

त्याला आता किती बाजार होऊन गेले. कागद वकिलाच्या कपाटात आहे. कारणाची ओळ कोरी, म्हाताऱ्याच्या अंगठ्याची जागा कोरी, खाली दोन साक्षीदारांच्या जागाही कोऱ्या. अंगठा आणि दोन साक्षीदार नसले, तर कायद्यानं ते मृत्युपत्र नव्हेच.