चायनाचं दिसतंय, काका

नकली पार्कर ५१ ओळखायला मी शिकलो ते एकदा व्यवस्थित फसल्यावर. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथल्या एका विक्रेत्यानं “एकदम ओरिजिनल” म्हणत मला एक पेन १८०० रुपयांना दिलं. घरी येऊन टोपण चार वेळा लावलं-काढलं, आणि पोटात गोळा आला.

खऱ्या ५१चं टोपण खरखरत नाही, टक् असा आवाजही करत नाही. आतली धातूची स्प्रिंगसारखी पकड पेनावरच्या कड्याला हळूच धरते आणि टोपण जागच्या जागी थांबतं. माझं दाराच्या जुन्या कडीसारखं घासत होतं.

मग नाद लागला. पार्कर कंपनी १८८८ची. या पेनाचं काम पुरं झालं ते तिच्या ५१व्या वर्षी, म्हणून नाव ५१. १९४१पासून १९७२पर्यंत ते बनत होतं. निब जवळजवळ सगळी झाकलेली, फक्त टोक बाहेर. त्याच्यासाठी केलेली झटपट वाळणारी शाई सेल्युलॉइड खराब करायची, म्हणून बॉडी ल्युसाइट नावाच्या अ‍ॅक्रिलिकची. त्यामुळे गंमत अशी होते की नवखा माणूस चकाकी बघून संशय घेतो, आणि सत्तर वर्षं टिकलेली चकाकी तर खऱ्याचीच असते. मी दहापट भिंग घेतलं. नकलीवरची अक्षरं उथळ आणि कडांना फाटलेली दिसतात. १९४८मध्ये आलेल्या मॉडेलची बॉडी उघडली की आत धातूची नळी असते आणि शाई कशी भरायची ते तिच्यावर लिहिलेलं असतं. तिथली अक्षरं नीट करायचा कंटाळा नकली बनवणाऱ्याला हमखास येतो.

चिनी हीरो पेनं दिसायला ५१च्याच घराण्यातली. पण त्यांच्यावर हीरो असंच लिहिलेलं असतं, म्हणून ती नकली नव्हेत. तशाच पेनावर पार्करचा बाण आणि नाव चढवलं की ते नकली. प्लास्टिक तेच, शाई तीच, कदाचित लिहितंही झकास. खोटं असतं ते फक्त त्याच्याबद्दल केलेलं विधान.

हे वाक्य मला फार आवडायचं. मित्रांना ऐकवायचो.

मग गेल्या पावसाळ्यात त्याच बाजारात, दुसऱ्याच एका काकांच्या ताडपत्रीवर, कुलपं आणि चार्जरच्या ढिगात एक काळं ५१ दिसलं. टोपण काढलं. आवाज नाही. भिंग काढायची गरजच पडली नाही. काका म्हणाले तीनशे. नीट करून विकलं तर पाच-सहा हजार सहज आले असते.

मी पेन उलटसुलट केलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, “निब तर दिसतच नाही. चायनाचं दिसतंय, काका.”

दोनशेला मिळालं.

सिसेरोनं इ.स.पू. ४४मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात धान्याच्या व्यापाऱ्याचं कोडं आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ, व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचलाय, आणि मागून आणखी जहाजं येतायत हे फक्त त्याला माहीत आहे. त्यानं सांगावं का? डायोजिनीस म्हणतो, गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. बरेच दिवस मी डायोजिनीसच्या मागे लपलो. दोन वर्षं रात्री जागून हे ज्ञान मिळवलंय, त्याचा फायदा मला का नको? आणि हा युक्तिवाद कच्चा नाही. भंगारातून चांगली वस्तू शोधणाऱ्यानं दर वेळी दुकानदाराला व्याख्यान द्यायचं ठरवलं, तर शोधणारं कुणी उरणार नाही.

पण मी गप्प कुठे राहिलो होतो? मी बोललो होतो. पहिल्या विक्रेत्यानं खोट्याला खरं म्हटलं, मी खऱ्याला खोटं म्हटलं. त्याला कदाचित माहीतही नसेल की तो खोटं बोलतोय. मला पक्कं माहीत होतं. आणि शंभर रुपयांसाठी! तीनशे मुकाट्यानं दिले असते, तर निदान डायोजिनीस तरी माझ्या बाजूनं उभा राहिला असता.

त्याच ग्रंथात स्केव्होला नावाच्या गिऱ्हाइकाचीही गोष्ट आहे. शेत विकत घेताना त्यानं मालकाला किंमत विचारली, मालकानं सांगितली, तर हा म्हणाला, शेताची किंमत याहून जास्त आहे, आणि एक लाख सेस्टर्स जास्त दिले. सिसेरो लिहितो की हे भल्या माणसाचं काम होतं हे कुणी नाकारत नाही. शहाण्या माणसाचं होतं हे मात्र लोक नाकारतात. दोन हजार वर्षांत आमच्या ऑफिसच्या कँटीनमधलं मतही फारसं बदललेलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी एक हजार रुपये घेऊन गेलो. स्केव्होलाच्या हिशेबात हे कमीच होतं. तेवढीच हिंमत झाली. काकांना पेन दाखवलं, म्हणालो, हे चायनाचं नव्हतं, मला तेव्हाच माहीत होतं.

त्यांनी पेन हातात घेतलं नाही. पैसे मोजून खिशात टाकले. “एका आजींनी घर रिकामं केलं, तेव्हा रद्दीबरोबर आलं होतं,” ते म्हणाले. “किलोवर.”

“कुठलं घर?”

“आता काय आठवणार, दादा.” मग त्यांनी टोपणाकडे बोट दाखवलं. “ओळखायचं कसं, ते सांगा की.”

मी शेजारी उकिडवा बसलो आणि टोपण लावून दाखवलं. त्यांनी कान जवळ आणला. पुन्हा लावायला सांगितलं.

“आवाजच नाही,” ते म्हणाले, आणि ढिगातून दुसरं एक पेन उपसायला लागले.