नवे वस्त्र कोणासाठी?

शास्त्रपाठ : याकोबाचे पत्र २:१-९



पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सीमाभागातील एका लहानशा मंडळीत मी सेवेस होतो. नाताळच्या आधीच्या रविवारी जाहिराती वाचताना मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "नाताळाच्या उपासनेला सर्वांनी नवे कपडे घालून यावे. आपल्या राजाचा जन्मदिवस आहे." सर्वांनी हसून माना डोलावल्या. मलाही वाटले, आपण चांगले बोललो.

नाताळच्या सकाळी मंदिर भरून गेले होते. परंतु मागच्या बाकावर दर रविवारी न चुकता बसणारी एक विधवा बहीण आणि तिच्या दोन मुली आल्या नव्हत्या. ती चार घरची धुणीभांडी करून संसार चालवीत असे. तिसऱ्या दिवशी करंज्या-चकल्यांचे ताट घेऊन मी तिच्या घरी गेलो. "बरे नव्हते काय?" असे विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "तसं नाही, पाळकसाहेब. तुम्हीच सांगितलं होतं ना, नवे कपडे घालून या म्हणून. पोरींचे झाले नाहीत. मग आम्ही घरीच गाणी म्हटली." दाराशी दोरीवर दोन फ्रॉक वाळत होते. स्वच्छ धुतलेले, बगलेत ठिगळ लावलेले.

त्या दिवशी मला कळले की प्रभूच्या घराचे दार मीच त्या मुलींना बंद केले होते. कुलूप लावायला मला हातही उचलावा लागला नाही. एक वाक्य पुरे झाले.

म्हणून आज वस्त्रांविषयी आपण थोडा विचार करू. वस्त्र ही क्षुल्लक बाब आहे असे कोणी समजू नये. तोंड उघडण्यापूर्वी माणसाचे कपडे बोलतात. इरकली लुगड्याचा लाल पदर आणि गुळेदगुड्डचा खण पाहिला की आपल्या भागातील माणूस ओळखतो, ही आपलीच कोणीतरी आत्या किंवा मावशी. इंदूरकडच्या बहिणी महेश्वरीला जपतात, ग्वाल्हेरकडच्या चंदेरीला. गाव सुटले, पिढ्या गेल्या, शाळेची भाषाही बदलली, तरी आजीचे लुगडे ट्रंकेत जपून ठेवलेले असते. ही देवाची देणगीच आहे. पवित्र शास्त्रही वस्त्रांची गोष्ट टाळीत नाही. एदेन बागेतून बाहेर जाणाऱ्या आदाम व हव्वेला देवाने स्वतः वस्त्रे करून घातली. योसेफाच्या अंगावरील पायघोळ झग्याने बापाची प्रीती सांगितली, आणि त्याच झग्याने भावांच्या मनात द्वेषही पेटवला.

येथेच आपण थांबून पाहिले पाहिजे. जे वस्त्र "हा आपला" असे सांगते, तेच वस्त्र "हा आपला नव्हे" असेही सांगू शकते. आपल्या देशात तर कोणी काय नेसावे, कसे नेसावे आणि काय नेसू नये, हे शतकानुशतके जातीने ठरवले.

दक्षिणेकडील त्रावणकोर संस्थानाचे उदाहरण घ्या. तेथे नाडर स्त्रियांनी वरच्या जातींसमोर अंगाचा वरचा भाग झाकू नये, अशी रूढी होती. सुवार्ता ऐकून ज्या स्त्रिया ख्रिस्ती झाल्या त्या अंगात सैल झंपर घालू लागल्या. एवढ्याशा कापडावरून कित्येक वर्षे झगडा चालला. भर बाजारात स्त्रियांची वस्त्रे फाडण्यात आली, मंदिरे व शाळा जाळण्यात आल्या. शेवटी १८५९ साली महाराजांच्या जाहीरनाम्याने त्यांना अंग झाकण्याची मोकळीक मिळाली, पण उच्च जातीच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेऊ नये, ही अट राहिलीच. बंधूंनो, दोन हात कापडासाठी आपल्या बहिणींना काय सोसावे लागले ते पाहा.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. १९२७ साली, नाताळच्याच दिवसांत, महाड येथे परिषद भरली होती. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांशी त्यांच्या लुगड्याविषयी व दागिन्यांविषयी मुद्दाम बोलणे केले. लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि गळ्यातील जड माळांवरून दुरूनच जात ओळखू येत असे. ती खूण टाकून द्या, इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा, स्वच्छ राहा, असा त्यांचा सल्ला होता. एवढ्या मोठ्या लढ्यात लुगड्याची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु अपमान जेथे अंगावर बांधलेला असतो, तेथे तो अंगावरूनच उतरवावा लागतो.

आता दुसरी बाजू पाहू. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. ख्रिस्ती झाले म्हणजे पोशाख आणि खाणेपिणेही साहेबी झाले पाहिजे, असे पुष्कळांना वाटण्याचा तो काळ होता. परंतु रमाबाईंनी परदेशातही आपली साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. ख्रिस्त स्वीकारण्यासाठी आपल्या मातीचा पोशाख टाकावा लागत नाही, हे त्यांनी वादविवादाने सांगितलेच, पण वागणुकीनेही दाखवले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी निराधार स्त्रियांना विणकाम व शिवणकाम शिकवले. ज्यांना समाजाने उघडे टाकले होते, त्यांच्या हाती त्यांनी सुई आणि माग दिला.

त्रावणकोरच्या बहिणींनी जुनी रीत मोडली, रमाबाईंनी जुनी रीत राखली. मग यांपैकी कोणाचे बरोबर? दोघींचेही. कारण प्रश्न जुन्या-नव्याचा नव्हताच. आजी नऊवारी नेसत असे, आई सहावारी नेसू लागली, मुलीने पंजाबी ड्रेस घातला, नात जीन्स घालते. यावरून घरोघर भांडणे होतात, आणि आम्ही पाळक मंडळीही त्यात उगीच तेल ओततो. फॅशन येते आणि जाते. आपण विचारावयाचे ते एवढेच : माझ्या अंगावरील वस्त्राने माझ्या शेजाऱ्याची मान वर होते की खाली?

याकोबाने नेमके यावरच बोट ठेवले आहे. सभास्थानात एक सोन्याची अंगठी घातलेला, झगझगीत पोशाखाचा मनुष्य येतो, आणि एक मळक्या कपड्यांचा दरिद्री येतो. पहिल्याला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला पायाशी बसवतात. याकोब श्रीमंताच्या वस्त्रांना दोष देत नाही. तो दोष देतो बसवणाऱ्याला. म्हणजे मला, आणि दाराशी उभे राहून हात जोडणाऱ्या आपणा सर्वांना.

आज आपल्या लग्नांत सर्व नातलगांनी एकाच रंगाचे कपडे शिवावे, असे ठरते. वधूचा पांढरा झगा एका दिवसासाठी शिवायचा आणि त्याचे कर्ज वर्षभर फेडायचे, असेही घडते. नाताळ जवळ आला की दुकानांतील गर्दी आणि मोबाइलवरील जाहिराती आपल्या लेकरांना शिकवतात की नवे नाही तर आनंद नाही. मंडळीनेही तेच शिकवावे काय?

यापो येथील दुर्कस आठवा. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राभोवती जमल्या आणि तिने त्यांच्यासाठी केलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. तिच्या स्वतःच्या अंगावर काय होते हे प्रेषितांच्या कृत्यांत कोठेही लिहिलेले नाही. दुसऱ्यांच्या अंगावर तिने काय घातले तेवढेच लिहिले आहे.

आणि शेवटी वधस्तंभाकडे पाहा. आपल्या प्रभूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून विणलेला होता. शिपायांनी त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. घर सोडून गेलेला पुत्र परत येताच ज्या बापाने सर्वांत उत्तम झगा आणावयास सांगितला, त्या बापाची गोष्ट ज्याने सांगितली, तो स्वतः उघडा टांगला गेला. आपली लाज झाकावी म्हणून त्याने आपली वस्त्रे जाऊ दिली. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्तालाच पांघरले आहे, असे पौल गलतीकरांस सांगतो. हे वस्त्र दुकानात मिळत नाही, आणि श्रीमंताला एक व गरिबाला दुसरे असेही मिळत नाही.

त्या प्रसंगानंतरच्या वर्षी मी जाहिरात बदलली. "कपडे धुतलेले असावेत, आणि येताना शेजाऱ्याला घेऊन या," एवढेच सांगितले. मी स्वतःही जुनाच कोट घातला. ती बहीण आली. या वेळी एका वृद्ध बाईंनी तिला हाताला धरून पुढच्या बाकावर आपल्याजवळ बसवले. धाकटीचा फ्रॉक तोच होता, फक्त खालची दुमड सोडून लांब केलेला. जुन्या दुमडीची रेघ स्पष्ट दिसत होती. मी ती रेघ पाहिली आणि देवाचे आभार मानले, की या वर्षी तिने ती लपवली नाही.

प्रिय वाचकहो, येत्या सणाला कपडे घेण्यास निघाल तेव्हा आपल्या मंडळीतील एका घराची आठवण ठेवा. आणि उपासनेला कोण आले नाही, हे पाहून त्याच्या दाराशी जा.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या डोळ्यांना वस्त्रांपलीकडे पाहण्यास शिकव. आमच्या शब्दांनी ज्यांना तुझ्या दाराबाहेर ठेवले, त्यांची आम्हांला क्षमा मागू दे. तुझ्या प्रीतीने आम्हां सर्वांना झाक. आमेन.